थडग्यातील शेतकरी ते गढीतील सरदार : युरोपीय कथासाहित्यातील व्हॅम्पायर या पात्राचा सामाजिक इतिहास (१७२५ ते १८९७)

प्रस्तावना

कथासाहित्यातील व्हॅम्पायर म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक आकृती उभी राहते. उंच, फिकट, अदबशीर बोलणारा, काळा झगा पांघरलेला, डोंगरावरील पडक्या गढीत राहणारा एखादा काउंट किंवा लॉर्ड. पॉलिडोरीचा लॉर्ड रुथवेन (१८१९), पेनी मासिकांतील सर फ्रान्सिस व्हार्नी (१८४५-४७), ले फानूची काउंटेस कार्मिला (१८७१-७२) आणि ब्रॅम स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला (१८९७) ही वाचकांच्या पसंतीस उतरलेली प्रमुख पात्रे. विसाव्या शतकात ती रंगभूमीवर व पडद्यावर गेली. बेला लुगोसी (१९३१) आणि ख्रिस्तोफर ली (१९५८) या नटांनी ड्रॅक्युलाला चेहरा दिला आणि अ‍ॅन राइसच्या १९७६ च्या कादंबरीने व्हॅम्पायरलाच निवेदक केले. या सर्व पात्रांत एक गोष्ट समान आहे. ती सारी उच्चकुलीन वा श्रीमंत आहेत. अ‍ॅन राइसचा लुईदेखील लुइझियानातील मळ्याचा आणि गुलामांचा मालक आहे.

इतिहासाच्या साधनांकडे वळल्यास मात्र वेगळेच चित्र दिसते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांच्या नावाने युरोपात प्रथम 'व्हॅम्पायर' हा शब्द गाजला, ती माणसे शेतकरी, सीमेवरचे शिपाईगडी आणि त्यांच्या घरातील बायकामुले होती. त्यांना गढी नव्हती, झगा नव्हता आणि बोलण्याची अदबही नव्हती. शंभर वर्षांच्या आत हा गावकरी मुडदा लॉर्ड कसा झाला, आणि या पदोन्नतीत कोणाचे काय गेले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत भूतयोनीचे वर्गीकरण अतिशय बारकाईने झालेले आहे. मुंजा, समंध, अळवंतीण, हडळ, खवीस यांपैकी प्रत्येकामागे मरणाऱ्याची जात, वय किंवा मरणाची रीत उभी असते. तरीही व्हॅम्पायरला नेमका प्रतिशब्द सापडत नाही, कारण त्या समजुतीचा आधार पुरलेले प्रेत हा आहे. ज्या समाजात प्रेताला अग्नी दिला जातो तेथे मागे राहतो तो आत्मा. देह उठून घरी येण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. म्हणून येथे 'व्हॅम्पायर' हाच शब्द कायम ठेवला आहे. 'वेताळ' हा शब्द का वापरला नाही, याचा विचार बर्टनच्या संदर्भात पुढे येईल.

सरकारी कागदांतील व्हॅम्पायर

इ. स. १७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने बेलग्रेडसह उत्तर सर्बियाचा प्रदेश ऑटोमन सत्तेकडून हाब्सबुर्ग सत्तेकडे आला आणि १७३९ पर्यंत तिच्याकडे राहिला. नव्या राज्यकर्त्यांचे अधिकारी जर्मन भाषक व कॅथलिक, तर प्रजा सर्ब आणि ऑर्थोडॉक्स पंथाची. गावात काही विपरीत घडले की त्याचा अहवाल व्हिएन्नाच्या दिशेने रवाना होई. व्हॅम्पायरची समजूत बाल्कन प्रदेशात त्यापूर्वीही होती, परंतु ती कागदावर आली आणि युरोपभर पसरली ती या नोकरशाहीमुळे. जिंकलेल्या मुलखातील लोकसमजुती राज्यकर्त्यांच्या दप्तरातून जगाला माहीत होणे हा प्रकार मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. कंपनी सरकारच्या काळातील जिल्ह्याजिल्ह्यांच्या नोंदी त्याच जातीच्या आहेत.

पहिला महत्त्वाचा अहवाल १७२५ सालचा. किसिल्येवो या गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मरण पावला. त्याला पुरल्यानंतर सुमारे दहा आठवड्यांत, आठ दिवसांच्या अवधीत, गावातील नऊ माणसे एकेका दिवसाच्या आजाराने दगावली. पेटारने रात्री येऊन आपला गळा आवळला, असे त्यांनी मरणापूर्वी सांगितले होते. त्याच्या बायकोने तर याआधीच गाव सोडले होते. नवरा रात्री दारात आला आणि त्याने आपल्या ओपांकी, म्हणजे चामड्याच्या वहाणा, मागितल्या, असे तिचे म्हणणे होते. गावकऱ्यांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे थडगे उकरण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना विचारल्याशिवाय ती देता येणार नाही, असे त्याने सांगताच, तुर्कांच्या काळात अशाच प्रकाराने अख्खे गाव उजाड झाले होते, परवानगी आली नाही तर आम्ही घरेदारे सोडून जाऊ, असे त्यांनी बजावले. शेतकरी निघून जाणे म्हणजे सारा बुडणे, हे त्या अधिकाऱ्याला समजत असले पाहिजे. तो पाद्रीला बरोबर घेऊन थडग्यापाशी गेला. प्रेत ताजे दिसत होते, जुनी कातडी सोलून खालून नवी आल्यासारखी भासत होती, तोंडाशी रक्त होते. गावकऱ्यांनी छातीत मेख ठोकली व प्रेत जाळले. अहवालाच्या अखेरीस फ्रोम्बाल्ड विनवतो की यात काही चूक झाली असल्यास तिचा दोष आपल्याला न देता भीतीने भान हरपलेल्या जमावाला द्यावा. हा मजकूर जुलै १७२५ मध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापला गेला.

दुसरे प्रकरण मेद्वेज्या गावचे. तेथील आर्नाउट पावले हा हायदुक, म्हणजे सरहद्दीवरील शिपाईगडी, गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. तुर्की हद्दीत असताना एका व्हॅम्पायरने आपल्याला त्रास दिल्याचे तो जिवंतपणी सांगत असे. त्यावर उतारा म्हणून त्या थडग्याची माती त्याने खाल्ली होती. त्याच्या मृत्यूनंतर चार माणसे दगावली, तेव्हा गावाने त्याला उकरून मेख ठोकली. सुमारे पाच वर्षांनी, १७३१ च्या हिवाळ्यात, पुन्हा मृत्यू सुरू झाले आणि तीन महिन्यांत सतरा जण गेले. प्रथम ग्लाझर नावाचा साथरोगाचा वैद्य येऊन गेला. नंतर जानेवारी १७३२ मध्ये लष्करातील शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर याने इतर वैद्य व अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत थडगी उघडून तपासणी केली. 'विसुम एट रेपेर्टुम', म्हणजे 'पाहिले व आढळले', या नावाने ओळखला जाणारा त्याचा अहवाल हा व्हॅम्पायरविषयक सर्व लिखाणाचा मूळ दस्तऐवज मानावा लागतो.

या अहवालाचे वाचन अंगावर काटा आणणारे आहे, परंतु भुताटकीमुळे नव्हे. फ्ल्यूकिंगरने प्रेतांची रीतसर यादी दिली आहे. स्टाना नावाची वीस वर्षांची स्त्री बाळंतपणानंतर मेली आणि तिचे मूलही दगावले. मिलित्सा नावाची साठ वर्षांची म्हातारी. ती आयुष्यभर हडकुळी होती आणि थडग्यात मात्र धष्टपुष्ट दिसली, याचे तिला ओळखणाऱ्या हायदुकांना फार नवल वाटले. आठ दिवसांचे मूल. शिपायांची तरुण मुले. प्रत्येकाचे वय, किती दिवस आजारी होता, पुरून किती आठवडे झाले, छाती उघडल्यावर काय दिसले, हे सारे कोरड्या भाषेत नोंदलेले आहे. जी प्रेते नेहमीप्रमाणे कुजली होती ती पुन्हा पुरण्यात आली. उरलेल्यांची डोकी तोडून धडासह जाळण्यात आली आणि राख मोरावा नदीत सोडण्यात आली.

प्रेत कुजताना आतील वायूंमुळे ते फुगते, तोंडावाटे रक्तासारखा द्रव बाहेर येतो, कातडीचा वरचा थर व नखे गळून खालचा भाग नवा दिसतो आणि थंडीत ही क्रिया मंदावते. गावकऱ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते, त्यांनी लावलेला अर्थ वेगळा होता, असे पॉल बार्बर या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे. मिलित्साचे धष्टपुष्ट दिसणे हे त्याचेच उदाहरण होय. साथीच्या रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या गावाने हाताशी असलेल्या पुराव्यावरून तर्क केला आणि उपाय योजला. त्यास केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की हा व्हॅम्पायर परका नाही. तो शेजारी आहे, नवरा आहे, सून आहे. तो देखणा नाही आणि कोणाला भुरळही घालत नाही. तो आपल्याच माणसांकडे येतो आणि वहाणा मागतो.

रूपकाचा जन्म

मेद्वेज्याचा अहवाल १७३२ मध्ये जर्मन विद्यापीठांत, फ्रेंच नियतकालिकांत आणि मार्च महिन्यात लंडनच्या वृत्तपत्रांतही पोहोचला. विद्वानांनी त्यावर पुस्तिकांचा पाऊस पाडला. मिखाएल रान्फ्टने थडग्यातील प्रेतांच्या चर्वणावर १७२५ मध्येच लॅटिन प्रबंध लिहिला होता. बेनेडिक्टाइन पंथाचा साधू ऑगस्तँ कालमे याने १७४६ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याने साऱ्या कथा जमवल्या, पण ठाम निर्णय देताना तो अडखळला. पुढील काळातील कादंबरीकारांना कच्चा माल मिळाला तो बऱ्याच अंशी त्याच्याच ग्रंथातून. शेवटी १७५५ मध्ये मोराव्हियातील एका थडगे उकरण्याच्या प्रकरणानंतर सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून अहवाल मागवला. प्रेतांना अशी शिक्षा देण्यास तिने मनाई केली आणि असे प्रकार सरकारी अधिकाऱ्यांना कळवण्याचा हुकूम काढला. गावाने आपल्या मृतांचा न्याय करण्याचा अधिकार येथे संपला.

परंतु व्हॅम्पायरचे वर्गांतर घडण्यास सुरुवात झाली ती याआधीच, आणि तीही कथासाहित्यात नव्हे. लंडनच्या 'क्राफ्ट्समन' या विरोधी पक्षाच्या पत्राने मे १७३२ मध्ये, म्हणजे बातमी पोहोचल्यावर अवघ्या दोन महिन्यांत, या कथेचे राजकीय रूपक केले. हंगेरीतील मुडदे रक्त पितात यात नवल ते काय, रयतेचे रक्त शोषणारे मंत्री आणि करवसुलीवाले येथेही आहेत, असा त्या लेखाचा रोख होता आणि बाण रॉबर्ट वॉलपोलच्या सरकारवर होता. पुढे १७७० च्या सुमारास व्हॉल्टेअरनेही हाच धागा उचलला. लंडन-पॅरिसमध्ये व्हॅम्पायरांचे नाव ऐकू येत नाही, मात्र भरदिवसा लोकांचे रक्त शोषणारे सट्टेवाले, मक्तेदार व व्यापारी तेथे आहेत आणि ते स्मशानात न राहता सुखाच्या वाड्यांत राहतात, असा टोमणा त्याने मारला. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली, तेव्हा ती उपमा सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी होती.

तात्पर्य असे की थडग्यातल्या शेतकऱ्याला वाड्यात नेऊन बसवले ते प्रथम उपरोधकारांनी. त्यामागे शोषणाविषयीचा राग होता. कथाकारांनी नंतर हा वाडा तेवढा उचलला. राग बरोबर आला की नाही, हे प्रत्येक कृतीत वेगळे तपासावे लागते.

लॉर्ड रुथवेन : नोकराने पाहिलेला मालक

जर्मन कवितेत व्हॅम्पायर १७४८ मध्ये ओसेनफेल्डरच्या रचनेतून आला आणि गटेच्या १७९७ च्या दीर्घकवितेत मृत वधू परत आली. इंग्रजीत सदी व बायरन यांनी आपल्या काव्यांत त्याला स्थान दिले. तथापि गद्यकथेतील पहिले महत्त्वाचे पात्र निर्माण केले ते जॉन विल्यम पॉलिडोरी या तरुण डॉक्टराने.

पॉलिडोरीचा जन्म १७९५ चा. एडिंबरो येथे एकोणिसाव्या वर्षी झोपेत चालण्याच्या विकारावर प्रबंध लिहून त्याने वैद्यकीय पदवी घेतली आणि १८१६ मध्ये तो लॉर्ड बायरनचा खासगी डॉक्टर म्हणून युरोपच्या प्रवासाला निघाला. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीमध्ये जून १८१६ मध्ये बायरन, शेली, मेरी आणि पॉलिडोरी यांनी भुताच्या गोष्टी लिहिण्याचे ठरवले. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा उगम तेथला. बायरनने एक गोष्ट सुरू करून सोडून दिली. त्याच वर्षी बायरनने पॉलिडोरीला नोकरीवरून दूर केले. बायरनच्या अर्धवट कथाबीजावरून पॉलिडोरीने 'द व्हॅम्पायर' लिहिली आणि ती १ एप्रिल १८१९ रोजी 'न्यू मंथली मॅगझिन'मध्ये बायरनच्या नावाने प्रसिद्ध झाली. कथा आपली असल्याचे पॉलिडोरीने जाहीर केले, बायरननेही ती नाकारली, परंतु युरोपातील वाचक पुढेही बराच काळ बायरनची कथा म्हणूनच ती वाचत राहिले.

कथानायक ऑब्रे हा अननुभवी श्रीमंत तरुण. लंडनच्या मेजवान्यांत त्याला लॉर्ड रुथवेन भेटतो. निर्जीव करड्या डोळ्यांचा हा सरदार सर्वांना हवाहवासा वाटतो. 'रुथवेन' हे नाव लेडी कॅरोलाइन लँबने बायरनवर सूड म्हणून लिहिलेल्या १८१६ च्या कादंबरीतून उचललेले आहे. तेव्हा रोख कोणावर आहे हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. रुथवेनच्या वर्णनात पॉलिडोरीने केलेल्या काही नोंदी फार मार्मिक आहेत. तो सढळ हाताने दान करतो, परंतु प्रामाणिक गरिबाला नव्हे, तर व्यसनी माणसाला, आणि ते दान घेणारा अधिकच रसातळाला जातो. जुगारात तो पट्टीच्या लबाडांपुढे हरतो आणि लेकुरवाळ्या बापाकडून मात्र शेवटचे नाणे काढून घेतो. दात आणि रक्त कथेत नंतर येतात. आधी दिसते ती श्रीमंताची ही सवय. पगारी सोबती म्हणून बड्या माणसाच्या गाडीतून प्रवास केलेल्या व्यक्तीचे हे निरीक्षण आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

ग्रीसमध्ये ऑब्रे ज्या घरात उतरतो तेथील मुलगी आयान्थी त्याला व्हॅम्पायरच्या कथा सांगते. तिचे आईवडील त्या खऱ्या मानतात, ऑब्रे हसतो. आयान्थीचा बळी जातो. म्हणजे ज्ञान गावकऱ्यांपाशी आहे, मरणही त्यांच्याच वाट्याला आहे आणि थडग्यातून उठणारा मात्र आता त्यांच्यातला राहिलेला नाही. किसिल्येवोच्या कथेतील दोन पात्रे येथे कायम राहिली आणि तिसरे बदलले. शेवटी दिलेल्या शपथेत अडकलेला ऑब्रे वेळेवर बोलू शकत नाही आणि त्याची बहीण रुथवेनची पत्नी होऊन मरते. रुथवेन मात्र निसटतो. प्रतिष्ठित माणसाविषयी खरे बोलण्याची मुभा नसणे हाच या कथेतील भयाचा गाभा आहे.

या लहानशा कथेने जे यश मिळवले ते लेखकाच्या हयातीत त्याच्या हाती फारसे लागले नाही. शार्ल नोदिए याच्या नाटकाने १८२० मध्ये पॅरिस गाजवले, त्याच वर्षी प्लँशेने ते लंडनच्या रंगभूमीवर आणले आणि मार्श्नरने १८२८ मध्ये लाइपझिग येथे ऑपेरा सादर केला. पॉलिडोरी ऑगस्ट १८२१ मध्येच वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला होता.

व्हार्नी आणि कार्मिला

'व्हार्नी द व्हॅम्पायर' ही १८४५ ते १८४७ या काळात पेनीला एक याप्रमाणे विकल्या जाणाऱ्या अंकांतून प्रसिद्ध झालेली प्रदीर्घ मालिका. ती सामान्यतः जेम्स माल्कम रायमर याच्या नावे मांडली जाते. तिच्यात सुसंगती शोधू नये. तथापि लंडनच्या कामगार वाचकाला आवडलेला हा व्हॅम्पायरही 'सर' आहे, बॅनरवर्थ घराण्याच्या वाड्यावर आणि पैशावर त्याचा डोळा आहे आणि अखेरीस स्वतःच्या अस्तित्वाला कंटाळून तो व्हेसुव्हियसच्या मुखात उडी घेतो. आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप करणारा व्हॅम्पायर येथून रूढ झाला, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला'ची गोष्ट निराळी आहे. ही दीर्घकथा १८७१-७२ मध्ये नियतकालिकातून व १८७२ मध्ये ग्रंथरूपाने आली. स्थळ ऑस्ट्रियातील स्टायरिया. निवेदिका लॉरा ही इंग्रज बापाची एकाकी मुलगी. गाडीच्या अपघातानंतर तिच्या घरी आश्रयाला ठेवलेली सुंदर कार्मिला ही प्रत्यक्षात नामशेष झालेल्या कार्नस्टाइन घराण्यातील मिर्काला. दोन मुलींमधील ओढ ले फानूने ज्या संयमाने रंगवली आहे, त्यामुळे व्हॅम्पायरकथांत हे पात्र आजही सर्वांत जिवंत वाटते. भीती आणि माया यांची सरमिसळ लॉराच्या मनातून शेवटपर्यंत जात नाही, हे त्याचे खरे बळ होय.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग दुसराच आहे. लॉरा व कार्मिला झाडाखाली बसल्या असता वनरक्षकाच्या मुलीची अंत्ययात्रा जवळून जाते. लॉरा आदराने उठून प्रार्थनागीतात आवाज मिसळते. कार्मिला कानांवर हात ठेवते, संतापते आणि मेलेली कोण असे सांगू जाता, खेडुतांसाठी आपण डोके शिणवत नाही, असे उत्तर देते. वाचकाला नंतर उमगते की त्या मुलीला मारणारी तीच आहे. कथेच्या अखेरीस ले फानू याचे सूत्रही देतो. व्हॅम्पायर काही व्यक्तींच्या बाबतीत प्रियाराधनासारखी सावकाश, आडवळणाची वाट धरतो आणि इतरांना एकाच झडपेत संपवतो. लॉराच्या वाट्याला आराधना आली, वनरक्षकाच्या मुलीच्या वाट्याला झडप. आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट, इंग्रजी वळणाच्या उच्च वर्गात वाढलेल्या ले फानूने आपल्या भोवतीच्या जमीनदारांविषयी काय जाणले होते, हे या एका फरकातून दिसते. वाचकाला कार्मिला आवडते, कारण तो लॉराच्या खिडकीतून पाहतो. वनरक्षकाच्या घरातून ही कथा कोणीही लिहिलेली नाही.

बर्टन आणि वेताळ

याच सुमारास, १८७० मध्ये, रिचर्ड बर्टनचे 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे पुस्तक लंडनमध्ये निघाले आणि व्हॅम्पायरच्या इतिहासात भारताचे नाव शिरले. बर्टन १८४२ पासून मुंबई इलाख्याच्या लष्करात होता आणि हिंदुस्थानी, गुजराती व मराठी या भाषांच्या परीक्षा त्याने दिल्या होत्या. 'वेताळपंचविशी'तील अकरा कथा निवडून त्याने स्वैर रूपांतर केले आणि 'बैताल' या शब्दासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द योजला. त्याच्या निधनानंतर १८९३ मध्ये निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत इझाबेल बर्टनने वेताळाला प्रचंड वटवाघूळ, व्हॅम्पायर व दुष्टात्मा अशी तिहेरी ओळख दिली.

मराठी वाचकाला हे रूपांतर खटकल्यावाचून राहणार नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच 'वेताळपंचविशी' मराठीत आणली होती. त्या कथांतील वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात वस्ती करतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो, न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो आणि शेवटी राजाला कपटी योग्यापासून वाचवतो. तो रक्तशोषक नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'तही त्याचे स्वरूप असेच आहे. कोकणात व गोव्यात तर वेताळ हे ग्रामदैवत आहे. आमोणे व पैंगिण येथे त्याची देवालये आहेत. पुण्यातील टेकडीलाही त्याचेच नाव आहे. गावाची राखण करणाऱ्या देवाला गाव ओस पाडणाऱ्या मुडद्याचे नाव मिळाले. बर्टनला फरक कळत नव्हता असे म्हणता येत नाही. बाजारात 'व्हॅम्पायर' हा शब्द चालत होता, एवढेच त्याचे कारण दिसते.

बर्टन आणि ब्रॅम स्टोकर यांची भेट १८७८ मध्ये झाली. स्टोकरने १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हेन्री अर्व्हिंगविषयीच्या आठवणींत, बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा खंजिरासारखा चमके, असे नमूद केले आहे. यावरून ड्रॅक्युलाचे दात बर्टनचे, असे म्हणण्याचा मोह काही अभ्यासकांना झाला आहे. मात्र ही आठवण छापली गेली ती कादंबरीनंतर नऊ वर्षांनी, हे विसरता येत नाही.

काउंट ड्रॅक्युला

'ड्रॅक्युला' मे १८९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टोकर त्या वेळी अर्व्हिंगच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता आणि सात वर्षे तो या कादंबरीसाठी टिपणे काढत होता. फिलाडेल्फिया येथील रोझेनबाख संग्रहालयात असलेली ही टिपणे २००८ मध्ये छायाप्रतींसह प्रसिद्ध झाली. त्यांतून अनेक दंतकथा निकालात निघाल्या. मूळ आराखड्यात पात्राचे नाव 'काउंट वाम्पिर' आणि स्थळ स्टायरिया होते. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी येथील वाचनालयात विल्यम विल्किन्सनचे वालाकिया व मोल्डेव्हियाविषयीचे १८२० चे पुस्तक स्टोकरच्या हाती पडले आणि त्यातून 'ड्रॅक्युला' हे नाव मिळाले. पंधराव्या शतकातील व्लाद त्सेपेश याचे चरित्र समोर ठेवून हे पात्र रचले गेले, ही समजूत टिपणांवरून टिकत नाही. म्हणजे नावाआधी 'काउंट' ही पदवी निश्चित झालेली होती. सत्तर वर्षांत रुथवेन, व्हार्नी आणि कार्मिला यांनी तिला पर्याय ठेवला नव्हता.

स्टोकरचा सरदार मात्र आपल्या पूर्वसुरींहून वेगळा आहे. त्याच्या गढीत एकही नोकर नाही. जोनाथन हार्करला दाराच्या फटीतून दिसते की काउंट स्वतःच अंथरूण घालतो आणि ताटे मांडतो. तो इंग्लंडच्या रेल्वेची वेळापत्रके वाचतो, वकिलामार्फत रीतसर खरेदीखत करून पर्फ्लीटला जागा घेतो आणि मायभूमीची माती पन्नास पेट्यांत भरून पाठवतो. घराणे संपले, रयत पांगली, पदवी मात्र उरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सरंजामी घराण्यांची झालेली अवस्था त्यात दिसते. मूळ कादंबरीत तो दिवसा उजेडीही फिरतो. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन चित्रपटातून आला, आणि परवानगीवाचून काढलेल्या त्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश स्टोकरच्या विधवेने न्यायालयाकडून मिळवला होता. कादंबरीत काउंटचा शेवट होतो तो सुऱ्यांनी, आणि हार्करच्या हातातील हत्यार कुकरी आहे. हिंदुस्थानच्या गुरखा पलटणींमुळे त्या काळी इंग्रज वाचकाला ते चांगले परिचित झाले होते.

कादंबरीच्या आरंभी खेडुत हार्करला लसूण देतात, एक म्हातारी आपल्या गळ्यातील क्रूस काढून त्याच्या गळ्यात घालते. ते सारे खरे ठरते, तरीही हार्करच्या रोजनिशीत ही माणसे नयनरम्य पोशाखांच्या वर्णनापलीकडे फारशी जात नाहीत. गढीतील तीन स्त्रियांपुढे काउंट एक पिशवी टाकतो आणि तिच्यातून मुलाचे विव्हळणे ऐकू येते. पुढे एके दिवशी एक खेडूत बाई गढीच्या अंगणात येऊन छाती पिटत आपले मूल परत मागते. काउंट लांडग्यांना हाक घालतो. मिलित्सा साठ वर्षांची होती, स्टाना विशीची होती, हे मेद्वेज्याच्या शल्यवैद्याने लिहून ठेवले. या बाईचे नाव कादंबरीत कोठेही येत नाही. हार्कर खिडकीतून पाहतो आणि नोंद करतो की तिची आपल्याला कीव करता आली नाही, कारण तिच्या मुलाचे काय झाले हे आपल्याला ठाऊक होते आणि ती मेली तेच बरे झाले.